जमा आणि नावे

वाळूजच्या शाखेत मी वीस वर्षं लोकांचे पैसे जमा करतोय; पण विद्येचीही बँक निघाल्याचं मला हिनेच सांगितलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली नियम केले. एका कॉलेजातले श्रेयांक खात्यात ठेवायचे, दुसऱ्या कॉलेजात वापरायचे.

"अहो, मग माझं एफ. वाय. जमा होईल?"

हिचं बी. ए. २००४ साली पहिल्या वर्षावर थांबलं, लग्नामुळे. त्या लग्नातला नवरदेव मीच.

मी काउंटरवरच्या आवाजात म्हणालो, "तेव्हा श्रेयांक कुठे होते? नुसते मार्क. शिवाय श्रेयांक टिकतात जास्तीत जास्त सात वर्षं."

"आणि तुमच्याकडचे पैसे?"

"दहा वर्षं कुणी विचारलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. पण मागितले की परत मिळतात."

"म्हणजे शिकण्यापेक्षा पैसाच टिकाऊ!"

यावर माझ्याकडे व्हाउचर नव्हतं.

हिने नाशिकच्या मुक्त विद्यापीठात पुन्हा पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. रात्री ती वाचते, मी भांडी घासतो. जुनं वर्ष तिच्या जमेस लागलं नाही. माझ्या नावे मात्र पडलंय. व्याजासकट फेडतोय.