उपवास करता का?

रमजान जवळ आला की मधुमेहाच्या डॉक्टरांपुढे एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. रोजा ठेवू इच्छिणाऱ्या रुग्णाला काय सांगावे? ‘ठेवू नका’ हे उत्तर सोपे आहे. पण पुष्कळदा ते दवाखान्याच्या दारापर्यंतच टिकते.

२००१ साली भारतासह १३ देशांत ‘एपिडायर’ ही पाहणी झाली. तीत १२,००० हून अधिक मधुमेही रुग्णांची माहिती घेतली गेली. टाइप-२ मधुमेहाच्या सुमारे ७९ टक्के रुग्णांनी रमजानमध्ये किमान १५ दिवस उपवास केले होते. याच गटात रक्तातील साखर गंभीर प्रमाणात घसरण्याच्या घटना एरवीच्या सुमारे साडेसात पट झाल्या होत्या.

याचे कारण औषधाच्या कार्यपद्धतीत दडलेले आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवण्यास भाग पाडते. पोटात अन्न आहे की नाही, हे ती पाहत नाही. पहाटे सहरीला नेहमीची मात्रा घेऊन दिवसभर निराहार राहिलेल्या माणसाला दुपारी घाम फुटतो, हात थरथरतात, प्रसंगी शुद्धही हरपते. हेच बोलणे महिनाभर आधी झाले, तर डॉक्टर मात्रा घटवू शकतात, मुख्य गोळी इफ्तारच्या वेळी नेऊ शकतात. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा मोडत नाही, असे बहुसंख्य धर्मपंडितही मानतात. ती ७० मिलिग्रॅमखाली गेली, तर मात्र उपवास तत्काळ सोडावा लागतो.

आजारी माणसाला कुराणाने सवलत दिली आहे. ती ठाऊक असूनही अनेक जण रोजा ठेवतात. घरातील सारे उपाशी असताना एकट्याने जेवणे त्यांना जड जाते. त्यांना धर्म शिकवणे हे डॉक्टरांचे काम नव्हे. धोका स्पष्ट सांगणे आणि तरीही रुग्णाने उपवासाचाच निर्णय घेतला, तर त्याची साथ न सोडणे, हे मात्र निश्चितच त्यांचे काम आहे. रागावणाऱ्या डॉक्टरांपासून रुग्ण उपवास लपवतो, आणि लपवलेल्या उपवासात औषधाची मात्रा बदलत नाही.

हा प्रश्न एकाच धर्मापुरता नाही. नवरात्र, करवा चौथ, पर्युषण यांनाही तो लागू आहे. एकादशीच्या साबुदाणा खिचडीने तर साखर उलट चढते. वय, वजन, औषधे यांच्या जोडीला ‘उपवास करता का?’ ही नोंद केसपेपरवर असायला हवी. ती श्रद्धेची चौकशी नसून उपचाराला लागणारी माहिती आहे.