ओढ्याकाठची खाण

7 एप्रिल 2025, विंझर
संध्याकाळी पुतण्या येऊन बसला. ओढ्याच्या वरच्या अंगाला आमचं दोन एकर माळरान पडून आहे. वरचा मुरूम काढायचा, खाली काळा पाषाण लागला की खडी पाडायची, असा त्याचा बेत. "काका, रॉयल्टी भरली की झालं. सहाशे रुपये ब्रास. एवढ्याशा खाणीला पर्यावरणाचं काय?" कागद वाचून सांगतो म्हणालो. त्याची गरज खोटी नाही. भाताच्या एका पिकावर घर चालत नाही, आणि आपली घरं, रस्ते, साकव खडीशिवाय उभे राहत नाहीत.

9 एप्रिल
रॉयल्टी म्हणजे शासनाच्या दगडाचं मोल. ती भरली म्हणून खणायची मुभा मिळत नाही. खाणपट्टा 2013 च्या गौण खनिज नियमांखाली घ्यावा लागतो. विनापरवाना खणलं तर जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, शिवाय पोकलेन आणि हायवा जप्त. क्रशर बसवायचा तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती दोनदा: उभारण्याआधी एकदा, चालवण्याआधी एकदा. या सगळ्याहून वेगळी ती पर्यावरण मंजुरी.

12 एप्रिल
'एवढीशी खाण' हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे. 2006 च्या अधिसूचनेत पाच हेक्टरांखालच्या खाणींना मंजुरी लागत नव्हती. हरियाणात पंचकुला, अंबाला, यमुनानगर भागात नदीकाठचे गोटे, खडी, वाळू काढायला लिलाव निघाले, तेही साडेचार हेक्टरांपेक्षा मोठे नसलेल्या तुकड्यांचे. प्रत्येक तुकडा कायद्याखालून निसटत होता, नदी मात्र सलग खणली जाणार होती. 27 फेब्रुवारी 2012 रोजी दीपक कुमार खटल्यात न्यायालयाने सांगितलं, पाच हेक्टरांखालच्या पट्ट्यालाही मंजुरी हवी.

हे वाचून मी आमच्या शिवाराचा विचार करत बसलो. पाच हेक्टर म्हणजे साडेबारा एकराच्या आसपास. वाटण्या होऊन होऊन इथे एवढं सलग रान कोणाकडे उरलंय? जुना नियम राहिला असता तर अख्खं कानंदीचं खोरं गटागटाने फोडता आलं असतं आणि एकाही गटाला कुणी विचारलं नसतं.

13 एप्रिल
2016 मध्ये छोट्या खाणींची मंजुरी जिल्ह्यावर सोपवली. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण. 2018 च्या सप्टेंबरात हरित लवादाने ती सोय मोडीत काढली, आणि ते मला पटतं. महसूल गोळा करणाऱ्यानेच पर्यावरणही तोलायचं, हे कठीण. म्हणजे पुतण्याचा अर्ज राज्याच्या प्राधिकरणाकडे जाणार.

सूट कोणाला, तेही पाहिलं. कुंभाराने हाताने काढलेली माती, पुरानंतर शेतात साचलेली वाळू, सिंचनाची विहीर. या सवलती रास्त आहेत. रस्त्यांसाठी वाटेल तेवढी माती उचलायची 2020 ची सवलत मात्र मार्च 2024 मध्ये न्यायालयाने रद्द केली. बरं केलं.

16 एप्रिल
सकाळी त्याला ओढ्याने घेऊन गेलो. कागदावर न दिसणारं दाखवायचं होतं. सह्याद्रीचा दगड थरांचा. मुरमात पाणी मुरतं, खालच्या घट्ट पाषाणाला अडतं आणि दोहोंच्या सांध्यातून झऱ्याने बाहेर येतं. उन्हाळ्यात ओढ्यातल्या डोहाला आणि खालच्या विहिरींना तेच पाणी पुरतं. नेमका तो सांधा खाणीने कापला तर पाणी आधी खाणीत उतरणार, मग पंपाने उपसून फेकलं जाणार. पावसात उघड्या मुरमाचा गाळ खाली खाचरांत. तो गप्प ऐकत होता. मग म्हणाला, "पलीकडच्या गटातही खाणीचं बोलणं चाललंय."

म्हणजे आता 'क्लस्टर'चा नियम लागणार. दोन पट्ट्यांच्या हद्दींत पाचशे मीटरपेक्षा कमी अंतर असेल तर त्यांचा एकत्र विचार करायचा. ओढ्याला गट नंबर नसतात, त्यामुळे मला हाच नियम सगळ्यांत शहाणा वाटतो.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदाही आहे, सहावा, 31 जुलै 2024 चा. तो अंतिम झाला तर त्यातल्या गावांत नवी खाण नाही आणि चालू खाणी पाच वर्षांत किंवा पट्टा संपताच बंद. यादीत आपलं गाव बसतं का, हे क्रशरसाठी कर्ज काढण्याआधी बघ, असं त्याला बजावलं.

24 एप्रिल
1 मेच्या ग्रामसभेत विषय घ्यायचा ठरलं. पुतण्या स्वतःच मांडणार आहे. मी ठरावाचा मसुदा लिहून दिला. ना-हरकत देण्याआधी ओढ्याखालच्या सगळ्या विहिरींची एप्रिल-मेमधली पाणीपातळी मोजून नोंदवावी. दोन्ही गटांचा नकाशा एकाच कागदावर मागावा. ओढ्याच्या काठापासून किती अंतर राखणार आणि खाण संपल्यावर खड्डा कसा बुजवणार, हे अर्जदाराने लेखी द्यावं. मसुदा वाचून पुतण्याने विचारलं, विहिरी मोजायच्या तर दोरी कोणाची आणि वही कोणाकडे राहणार? वही शाळेत ठेवू म्हणालो. उद्यापासून मोजायला लागतो.