चिपचा पत्ता

रात्रीचे साडेअकरा. डीएस३२३१ या वेळ राखणाऱ्या चिपने आज दिवसभर अडवून धरलं. आयटूसी बसवर ती जोडलेली, पण लिनक्सच्या कर्नलला काही सापडेना. पीसीआयवरचं कार्ड विचारलं की आपली ओळख स्वतः सांगतं. या चिपला ती सोय नाही. तिची ओळख आपणच डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डाच्या वर्णनाच्या फाइलमध्ये, लिहून द्यायची. 'कम्पॅटिबल'मधल्या नावावरून ड्रायव्हर ठरतो, 'रेग'मधल्या पत्त्यावर चिप गाठली जाते.

संध्याकाळी चूक दिसली. पत्ता हेक्समधला ६८, आणि मी आधीचं 'शून्य-एक्स' गाळून नुसते ६८ लिहिलेले. ते दशमान धरले गेले आणि कर्नल हेक्समधल्या ४४ क्रमांकाच्या दारावर थाप मारत होता. तिथे कुणीच राहत नव्हतं. दोन अक्षरं घातली, बोर्ड पुन्हा सुरू केला, आणि पडद्यावर वेळ उमटली.

एकेकाळी एआरएम प्रोसेसरच्या बोर्डांची अशी वर्णनं कर्नलच्या सी कोडमध्येच कोंबलेली असत. २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स त्या पसाऱ्यावर भडकले आणि एआरएमने डिव्हाइस ट्रीची वाट धरली. वर्णन वेगळं, कोड वेगळा. म्हणूनच दूर कुणीतरी लिहिलेला ड्रायव्हर आज माझ्या टेबलावर चालला. आता माझं वर्णनही तितकंच नेमकं हवं. उद्या ते दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.