इसाराचे पैसे

बदनापूर,
रविवार, रात्र

प्रिय ताई,


परवा फोनवर तू मोसंबीचं विचारलंस आणि मी विषय टाळला. आज लिहितो.

आंबे बहाराची बाग ठोक दिली होती, हे तुला माहीत आहे. घेणारा व्यापारी लहान, बायकोचे दागिने मोडून इसार दिलेला. भाद्रपदात झड लागली, बागेत पाणी साचलं आणि फळगळ सुरू झाली. सकाळी गेलं की झाडाखाली पिवळट फळांचा सडा. फांदीवरच्या फळाला नुसता हात लावला तरी ते देठातून सुटायचं. बोलीप्रमाणे नुकसान त्याचं, इसार माझा. गावात कोणी मला नावं ठेवली नसती.

त्या रात्री कुटुंबप्रार्थनेत धाकटी लेक प्रभूची प्रार्थना म्हणत होती. ऋण सोडण्याच्या ओळीला माझा आवाजच निघेना. ती थांबून माझ्याकडे बघत राहिली.

तीन दिवस मन खात होतं. चौथ्या दिवशी निम्मा इसार परत नेऊन दिला. सगळा द्यायला हवा होता, पण सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे. तो म्हणाला, "भाऊ, हे कशाचे?" मी फक्त "तुमचेच" म्हणालो. मग बराच वेळ आम्ही दोघं चहा घेऊन बसलो.

अशा वेळी मला नारायण शेषाद्री आठवतात. 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला म्हणून घर तुटलं. धाकट्या भावाला, श्रीपतला, तर कोर्टाने आईवडिलांकडे परत पाठवलं. आपल्याला लहानपणी त्या बाप्तिस्म्याचीच गोष्ट सांगायचे. मला मात्र त्यांचं बेथेल मोठं वाटतं. ब्राह्मण घरात जन्मलेला माणूस जालन्याजवळ गाव वसवतो, आणि ज्यांची सावलीही लोकांना चालत नव्हती त्यांच्यासोबत शेती, शाळा, उपासना उभी करतो. बाप्तिस्मा एका दिवसाचा. बेथेलमध्ये रोज सकाळी उठून तेच पुन्हा करायचं होतं.

तू म्हणतेस, इथे आपली घरं मोजकी, आपण आपलं जपून राहावं. ताई, जपून राहिलो असतो तर ते पैसे माझ्या कपाटात असते आणि प्रार्थनेतली ती ओळ मला अजून म्हणता आली नसती.

नाताळला येशील तेव्हा आईचं जाड अक्षरांचं पवित्र शास्त्र घेऊन ये. त्याची सुटलेली पानं थोरली शिवून देईन म्हणते.

तुझा धाकटा