पाचवी ते दहावी

आमच्या हायस्कूलच्या क्रीडाशिक्षकांना जामखेड-कर्जत पट्ट्यात सगळे वस्ताद म्हणायचे. हजेरीपत्रकापुरते ते सर. मी गणिताचा. परीक्षा जवळ आली की त्यांचा तास आम्हीच मागून घ्यायचो, आणि तेही देऊन टाकायचे. त्यांची खरी शाळा पहाटे पाचला, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. तांबडी माती, तिच्यात ताक, हळद, तेल, लिंबू. पोरांनी आधी माती उकरायची, मग जोर-बैठका, मग लढत. नव्या पोराला डाव नंतर. आधी महिनाभर नुसतं पडायला शिकवायचे.

पोरगं जरा चमकलं की दहावीनंतर पुण्या-कोल्हापूरच्या तालमीत जातं. पुढे पेपरात नाव येतं ते त्या तालमीचं. मला हे खटकायचं, सरांना नाही. एका मल्लाला किती गुरूंचे हात लागतात, यासाठी खाशाबा जाधवांचं उदाहरण ते द्यायचे. घरी वडील दादासाहेब पैलवान. कराडात टिळक हायस्कूलच्या वयात बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी. कोल्हापुरात राजाराम कॉलेजला गोविंद पुरंदरे. 1948च्या लंडन ऑलिंपिकसाठी रीस गार्डनर. मग 1952चं हेलसिंकी आणि कांस्यपदक. प्राचार्य खर्डेकरांनी त्या वारीसाठी घर गहाण टाकलं, हे निदान सांगितलं तरी जातं. कराडच्या मिरवणुकीतल्या बैलगाड्याही आपल्याला पाठ आहेत. गुरुजी मात्र नाहीत.

शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. 14, 17 आणि 19 वर्षांखालचे गट. आणि इकडे दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आईबाप कोयता घेऊन कारखान्याच्या रस्त्याला, मागे पोरगं. विभागाला जिंकलेला मल्ल राज्याच्या वेळी फडात मोळ्या बांधतोय, हे इकडचं दुखणं आहे. त्यावर कुठल्याही प्रशिक्षण शिबिरात उतारा सांगत नाहीत. सर आजीला गाठायचे, पोराला गावात ठेवून घे म्हणून विनवायचे. खुराक म्हणजे भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, गूळ. बदामाच्या थंडाईच्या गोष्टी ऐकायला बऱ्या.

एका बाबतीत ते हट्टी होते. वजन उतरवून खालच्या गटात लढवायला त्यांचा सक्त नकार. पोरं पाणी सोडतात, स्वेटर घालून धावतात, वजनकाट्यावर थुंकीसुद्धा आत ठेवत नाहीत. सर म्हणायचे, ‘‘वाढीचं अंग आहे. वरच्या गटात हरू दे.’’ त्यापायी शाळेची काही पदकं गेली असणार. मुख्याध्यापकांना ते पटत नसे. मला पटायचं, पण माझ्या मताला स्टाफरूममध्ये किंमत ती किती!

हरल्यावर पंचाशी हात मिळवल्याशिवाय मॅटवरून उतरायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. फेब्रुवारी 2025मध्ये नगरच्या वाडिया पार्कात महाराष्ट्र केसरी झाली. पृथ्वीराज मोहोळला गदा मिळाली, पण गाजली ती मॅटवरच्या लढतीत पंचाला बसलेली लाथ. निर्णय बरोबर की चूक, यावर गावोगाव वाद झाले. सर निवृत्त झालेले. त्यांनी एवढंच विचारलं, की लाथ मारणारा पोरगा शाळेत कुणाकडे होता?

त्यांच्या हाताखालची बहुतेक पोरं पैलवान झालीच नाहीत. कुणी पोलीस भरतीत लागला, कुणी एसटीत, बरेच शेतात. खेळाच्या गुणांनी दहावी तरली अशीही आहेत. गणिताचा मास्तर म्हणून ती कोण, हे मला नीट माहीत आहे.

शेवटची काही वर्षं मुली येऊ लागल्या. ‘दंगल’ येऊन गेल्यावर बापच हात धरून आणायचे. आता तर श्रीगोंद्याची भाग्यश्री फंड महिला महाराष्ट्र केसरी झालीय, त्यामुळे कुणाला नवल वाटत नाही. तेव्हा बाप चाचरत विचारायचा, ‘‘सर, हिला जमेल का?’’ सर तिचे खांदे, मनगटं काही बघायचे नाहीत. बापालाच विचारायचे, ‘‘घरात दूध किती निघतं? डेअरीला किती जातं? उरलेल्यातलं भावाला किती, हिला किती?’’ आकडे ऐकून झाल्यावरच सोमवारी पाचला या म्हणायचे.