संत जॉर्जची पेढी

बँकेची इमारत हा काही घरच्या मंडळींनी एकत्र बसून बोलण्याचा विषय नव्हे, असे आमच्या पुष्कळ वाचकांना वाटेल. आम्हां खेड्यातील माणसांचा बँकेशी संबंध येतो तो पीककर्जाच्या वेळी, नाही तर दागिने गहाण ठेवण्याच्या वेळी. आणि ती पायरी चढताना मन फारसे प्रसन्न नसते. तरीही आज आम्ही आपणांस एका पेढीच्या वाड्याची हकिकत सांगणार आहोत. इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर जेनोवा नावाचे प्राचीन बंदर आहे. तेथे धक्क्यासमोरच हा वाडा उभा आहे. त्याला नाव संत जॉर्जचे, त्याची उभारणी केली एका मठवाशाने, आणि पेढी होण्यापूर्वी तो तुरुंग होता.

वाडा बांधला गेला इ. स. १२६० मध्ये. ग्विल्येल्मो बोक्कानेग्रा हा तेव्हा जेनोवाचा ‘जनतेचा कप्तान’ होता. शहराच्या कारभाराला स्वतःची जागा असावी म्हणून त्याने हे काम ऑलिव्हेरिओ नावाच्या सिस्टर्शियन मठवाशाकडे सोपविले. बोक्कानेग्राला मात्र त्या वाड्याचे सुख फार दिवस लाभले नाही; १२६२ मध्ये त्याची सत्ताच गेली. त्याच सुमारास काँस्टँटिनोपलच्या बादशहाने जेनोवाच्या साहाय्याचा मोबदला म्हणून तेथील व्हेनिसकरांची वास्तू जेनोवाकरांच्या हवाली केली. त्यांनी ती पाडली आणि तिचे दगड जहाजांत भरून घरी आणले. त्यांतलेच काही दगड आणि दगडी सिंहमुखे या वाड्याच्या भिंतीत बसविली, असे सांगतात. सिंह हे व्हेनिसच्या संत मार्कचे चिन्ह. जेनोवाच्या निशाणावर संत जॉर्जचा तांबडा क्रूस. दोन्ही शहरांत मिस्सा एकच होत असे, आणि समुद्रावर गाठ पडली की दोघेही एकमेकांची गलबते जाळीत असत!

या वैरातूनच वाड्याला त्याचा सर्वांत प्रसिद्ध रहिवासी लाभला. १२९८ मध्ये कुर्झोला बेटाजवळ झालेल्या आरमारी लढाईत व्हेनिसचा मोठा पराभव झाला आणि त्याचे हजारो लोक कैद होऊन जेनोवास आले. त्या वर्षी जेनोवाच्या बंदिवासात असलेल्यांपैकी एक होता मार्को पोलो. परंपरा सांगते की याच वाड्यात त्याला कोंडले होते. सोबतीला पिसा शहरचा रुस्तिचेल्लो नावाचा एक लेखक कैदी होता. मार्कोने चीनपासून हिंदुस्थानापर्यंतच्या प्रवासाच्या आठवणी सांगाव्या आणि रुस्तिचेल्लोने त्या उतरून घ्याव्या, असा दोघांचा दिनक्रम झाला. आम्हांला याचे अगत्य अशासाठी, की त्या ग्रंथात आपल्या ठाण्याचे वर्णन आहे. तेथील कातडी आणि सुती कापडाचा व्यापार, परदेशांहून येणारे घोडे, ते घोडे राजाला मिळावेत म्हणून राजाच्याच संमतीने जहाजे लुटणारे चाचे, हे सर्व त्यात नमूद आहे. संत थॉमसच्या कबरीचीही हकिकत आहे: मद्रासकडील त्या स्थळी दूरदूरचे यात्रेकरू येतात आणि तेथील तांबडी माती आजाऱ्यांसाठी घेऊन जातात. कोकणची आणि प्रेषिताच्या कबरीची ही वार्ता युरोपच्या कानी गेली ती अशी एका कैदखान्यातून.

आता पेढीकडे वळू. लढाया फुकट होत नाहीत. जेनोवाचे नगरराज्य वर्षानुवर्षे आपल्याच नागरिकांकडून पैसे काढीत गेले, आणि प्रत्येक कर्जाला तारण म्हणून एखादा कर लावून देत गेले. मिठाचा कर या सावकारांकडे, धान्याचा त्या सावकारांकडे, अशी स्थिती झाली. अखेर १४०७ मध्ये ही सर्व कर्जे एकत्र करून संत जॉर्जच्या नावाने एक संस्था स्थापन झाली. कर्जाचे शंभर शंभर लिरांचे भाग पाडले, आरंभी त्यांवर शेकडा ७ दराने उत्पन्न ठरविले, आणि देखरेखीस आठ पालक नेमले. पुढे तर उत्पन्न ठराविक न ठेवता करांच्या वसुलीप्रमाणे कमीअधिक देऊ लागले. पंधराव्या शतकातच ही संस्था या वाड्यात राहावयास आली. तिची शक्ती इतकी वाढली की १४५३ मध्ये कॉर्सिका बेटाचा कारभारही नगरराज्याने तिच्याकडे सोपविला. माकियाव्हेलीने आपल्या इतिहासग्रंथात या संस्थेच्या शिस्तीची वाखाणणी केली आहे. आम्हांला ती वाखाणणी थोडी खटकते. ज्या राज्यातील कर सावकाराचा कारकून गोळा करतो, तेथे भाकरीवर कर किती असावा हे ठरविताना कोणाची भूक विचारात घेतली जात असेल?

व्याजाचे गणित आमच्या घराला चांगले परिचयाचे आहे. आमच्या आजोबांनी विहिरीसाठी एका सावकाराकडून रक्कम काढली होती. दर होता रुपयामागे महिन्याला दोन पैसे. ऐकायला किती अल्प! चौसष्ट पैशांचा रुपया होता तो. पण वर्षाचे होतात शेकडा साडेसदतीस. थकलेले व्याज मुद्दलात मिळविले जाई आणि त्यावर पुन्हा व्याज चढे. विहिरीला पाणी लागले, पण आजीच्या पाटल्या परत आल्या नाहीत. आमचे वडील ‘चक्रवाढ’ हा शब्द उच्चारताना आवाज खाली आणीत, जणू घरात साप निघाला आहे.

म्हणूनच या वाड्यातील फ्रान्चेस्को व्हिव्हाल्दीची कथा वाचून आम्ही थक्क झालो. हा गृहस्थ संस्था स्थापन होण्यापूर्वीचा. १३७१ मध्ये त्याने शहराच्या कर्जातील स्वतःच्या मालकीचे ९० भाग दान केले. पण वाटून टाकण्यासाठी नव्हे. त्यांचे उत्पन्न कोणी खर्च करू नये, त्यातून त्याच कर्जाचे आणखी भाग विकत घ्यावेत, त्यांच्या उत्पन्नातून आणखी, आणि अशा रीतीने वाढत जाणाऱ्या रकमेने शहराचे कर्ज फेडीत जावे, अशी त्याची अट होती. शेकडा ७ दराने चक्रवाढ केली तर रक्कम सुमारे दहा वर्षांत दुप्पट होते. आमच्या आजीच्या पाटल्या ज्या गणिताने गेल्या, तेच गणित या माणसाने ऋणकोच्या बाजूने उभे केले. पुढे कित्येकांनी त्याचा कित्ता गिरविला. कोणी अमुक कर हलका व्हावा म्हणून, कोणी गरीब मुलींच्या लग्नासाठी, कोणी इस्पितळांसाठी भाग ठेवले.

अशा दात्यांचे पुतळे वाड्याच्या दालनांत आहेत; व्हिव्हाल्दीचाही आहे. मात्र पुतळ्यांतही हिशेब आहे. देणगी मोठी असेल तर दाता आसनावर बसलेला, त्याहून कमी असेल तर उभा, आणि आणखी कमी असेल तर केवळ छातीपर्यंत. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेला येथे काय मिळाले असते? बहुधा उंबऱ्याचा दगडसुद्धा नाही.

जेनोवाचा सुपुत्र कोलंबस याचाही या पेढीशी संबंध आला. चौथ्या सफरीला निघण्यापूर्वी, २ एप्रिल १५०२ रोजी, त्याने सेव्हिलहून पालकांना पत्र लिहिले. आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा दरवर्षी पेढीकडे पाठवावा असे आपण पुत्र दिएगो यास सांगितले आहे, आणि त्यातून जेनोवातील धान्य, मद्य व इतर खाद्यवस्तूंवरील कर कमी करावा, असा त्याचा आशय होता. जन्मभूमीतील भाकर स्वस्त व्हावी ही इच्छा खरीच सुंदर. पालकांनी आभाराचे उत्तर धाडले. परंतु राजाने कबूल केलेले उत्पन्न कोलंबसाच्याच हाती धड पडले नाही. १५०६ मध्ये तो वारला, आणि तो दहावा हिस्सा काही जेनोवाला पोहोचला नाही. पत्र तेवढे अजून जेनोवात जपून ठेवले आहे.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. १५७० च्या सुमारास समुद्राच्या बाजूने वाडा वाढविण्यात आला. १६०६ ते १६०८ या काळात लाझ्झारो ताव्हारोने या चित्रकाराने दर्शनी भिंतीवर अजगराला मारणारा संत जॉर्ज रंगविला. १८०५ मध्ये नेपोलियनने पेढी बंद केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर रस्ता रुंद करण्यासाठी वाडाच पाडावा असे घाटत होते. तो वाचला आणि त्याचा जीर्णोद्धार झाला तो आल्फ्रेदो द’आंद्रादे या वास्तुशास्त्रज्ञाच्या हातून. हा गृहस्थ जन्माने लिस्बनचा, हे आमच्या गोव्यातील वाचकांस वाचून मौज वाटेल. १९०३ पासून तेथे बंदराचे कार्यालय आहे. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांत त्याला इजा झाली, तीही दुरुस्त झाली. १९६५ मध्ये समोरून खांबांवरचा उंच रस्ता गेला, त्यामुळे संत जॉर्ज आणि समुद्र यांच्यामधून आता मोटारी धावतात.

पेढीची हजारो चोपडी शहराच्या दप्तरखान्यात आहेत. कोणाच्या नावे किती भाग, कोणत्या विधवेचे, कोणत्या मठाचे, कोणत्या नवरीच्या हुंड्याचे, हे अभ्यासक आजही त्यांतून वाचून काढतात. आमच्या आजोबांच्या सावकाराची वही मात्र, तो वारला त्या वर्षीच्या पावसात, वाळवीने खाल्ली.