माशाची थाळी आणि आईची लक्ष्मी

रव्याचे लाडू कशात ठेवावेत, हा काही वादाचा विषय नव्हे. डब्यात ठेवावेत, पाहुण्यांपुढे करावयाचे असतील तर ताटलीत. परंतु गेल्या वर्षी परमुलखात ह्याच क्षुल्लक प्रश्नावरून आमच्या घरात दोन दिवस अबोला पडला, आणि त्या अबोल्याने आमचा एक जुना अपराध आम्हांस दाखवून दिला. तीच हकीकत आज वाचकांपुढे ठेवावयाची आहे.

आमचे चिरंजीव फ्रान्स देशाच्या दक्षिण किनाऱ्यावरील आंतीब गावी राहतात. जवळच सोफिया-आंतिपोलिस नावाची उद्योगनगरी १९६९ पासून वसली आहे. तेथे ते संगणकाच्या कामावर असतात. आम्ही उभयता उन्हाळ्यात दोन महिने त्यांच्याकडे होतो. एके दिवशी शेजारच्या वृद्ध बाई चहास यावयाच्या होत्या. त्या आमच्याच व्यवसायातल्या, निवृत्त शिक्षिका. इंग्रजी बऱ्यापैकी बोलत, त्यामुळे आमचे जमे. सौ.ने लाडू वळले, आणि ताटली शोधता शोधता कपाटाच्या वरच्या फळीवर लोकरी कापडात गुंडाळलेली एक मातीची थाळी तिच्या हाती लागली. थाळीवर मासा काढलेला होता. "माशावर कसले लाडू ठेवायचे?" असे ती पुटपुटली खरी, पण दुसरी एवढी मोठी ताटली सापडेना. तेव्हा तिने थाळी धुतली, माशावर कागदी रुमाल अंथरला, आणि त्यावर लाडवांची रास रचली.

बाई आल्या, बसल्या, आणि थाळीच्या काठाकडे टक लावून पाहू लागल्या. मग त्यांनी एकेक लाडू अलगद उचलून बशीत ठेवला, रुमाल दूर केला, थाळी उलटी केली आणि मागचा मजकूर वाचून त्या मोठ्याने हसल्या. "आयुष्यात पुष्कळ पंक्तींना बसले, पण पिकासोच्या ताटात मला आजवर कोणी वाढले नव्हते," असे त्या म्हणाल्या. नेमके त्याच वेळी चिरंजीव कामावरून परतले. त्यांच्या चेहऱ्याचे वर्णन आम्ही करीत नाही. पाहुण्या गेल्यावर त्यांनी थाळीची किंमत सांगितली. तीत आमचे वर्षभराचे निवृत्तिवेतन सहज बसले असते. "आई, अगं विचारायचं तरी!" एवढे बोलून ते आपल्या खोलीत गेले. सौ.चे म्हणणे असे की, ताटली ज्यात ठेवतात त्या कपाटात ताटली सापडली, तर तीत वाढू नये हे माणसाने कसे ओळखावे? दोघांचेही खरे होते. म्हणूनच अबोला दोन दिवस टिकला.

तिसऱ्या दिवशी त्याच बाई आम्हांस वालोरीस घेऊन गेल्या. वालोरी हे जवळचेच गाव, पिढ्यान् पिढ्यांचे कुंभारांचे. तेथील स्वयंपाकाची मडकी एके काळी दूरवर जात. पुढे धातूची भांडी आली आणि भट्ट्या थंडावू लागल्या. अशा दिवसांत, १९४६ च्या उन्हाळ्यात, पिकासो तेथील कुंभारकामाचे प्रदर्शन पाहावयास आला. मादुरा नावाच्या कारखान्याचे मालक जॉर्ज आणि सुझान रामिए ह्या दांपत्याची त्याची ओळख झाली. त्याने गंमत म्हणून दोनचार वस्तू घडविल्या आणि तो निघून गेला. पुढल्या वर्षी आला तो मात्र कामास बसण्याकरिता. त्याचा जन्म १८८१ चा. म्हणजे जगभर कीर्ती पसरलेला हा मनुष्य पासष्टी गाठल्यावर कुंभाराच्या कारखान्यात नवा धंदा शिकावयास बसला. आम्हीही त्याच वयाचे. निवृत्तीनंतर वर्तमानपत्रापलीकडे काही नवे हाती धरले नाही, ह्याची आम्हांस तेथे थोडी लाज वाटली.

१९४८ पासून १९५५ पर्यंत तो त्या गावीच राहत होता. गावच्या चौकात त्याने दिलेला, मेंढरू कवेत घेतलेल्या पुरुषाचा काशाचा पुतळा उभा आहे, आणि जवळच्या जुन्या प्रार्थनामंदिरात त्याने रंगविलेली युद्ध आणि शांती ह्यांची चित्रे आहेत. त्या पुतळ्याखाली बसून बाईंनी आम्हांस थाळीचे शास्त्र सांगितले.

पिकासोने स्वतः घडविलेल्या एकमेव वस्तू निराळ्या. परंतु १९४७ पासून १९७१ पर्यंत त्याच्या ६३३ नमुन्यांच्या प्रती मादुरा कारखान्याने काढल्या. एकेका नमुन्याच्या कधी २५, तर कधी ५०० पर्यंत. त्यांच्याही दोन तऱ्हा. एकीत त्याने घडविलेल्या मूळ वस्तूबरहुकूम कारागीर हाताने दुसरी घडवीत आणि रंगवीत. दुसरीत तो प्लॅस्टरच्या साच्यात उलटे चित्र कोरी. त्यावर ओली माती दाबली की चित्र सुलटे उमटे. थाळीच्या पाठीवर ह्या तऱ्हांचे शिक्के असतात. एकावर 'मादुरा, पूर्ण अग्नी' अशा अर्थाचे शब्द, दुसऱ्यावर 'पिकासोचा मूळ ठसा'. कित्येकांवर क्रमांकही असतो. आमच्या लाडवांच्या थाळीवर ११७/२०० असा होता. आरंभी ह्या वस्तू येणाऱ्याजाणाऱ्या प्रवाशांस परवडाव्यात अशा दरात विकल्या जात. पुष्कळांनी त्या नेऊन भिंतीस टांगल्या आणि कित्येकांनी त्यात फळेही ठेवली. "तेव्हा तुमच्या पत्नीने काही शास्त्राविरुद्ध केले नाही," असे बाईंनी शेवटी सांगितले. हे वाक्य आम्ही घरी येऊन दोनदा वाचल्यासारखे मोठ्याने म्हटले.

त्याच गावात आर्नेरा नावाचा एक तरुण छापखानेवाला होता. त्याच्या साहाय्याने पिकासोने लिनोलियमचे पत्रे कोरून मुद्राचित्रे काढली. त्यातली एक रीत आमच्या मनात भरली. प्रत्येक रंगास वेगळा पत्रा न घेता तो एकच पत्रा कोरी. फिकट रंग छापून झाला की तोच पत्रा आणखी कोरून पुढला रंग त्याच कागदांवर छापी. रंग चढत जाई तसतसा पत्रा झिजत जाई. म्हणजे आरंभी जेवढे कागद छापले तेवढ्याच प्रती. पाच अधिक हव्यात असे मागून वाटले तरी मागे जाता येत नाही.

रात्री अबोला संपला, आणि चिरंजीवांनी आपली बाजू मांडली. पिकासो ८ एप्रिल १९७३ रोजी वारला; थाळ्या आता नव्या होणे नाही; असलेल्यांतल्या काही फुटतात, काही संग्रहालयांत जातात. २०१२ च्या जून महिन्यात मादुराच्या मालकांकडच्या पाचशेंहून अधिक वस्तू लंडनमध्ये क्रिस्टीच्या लिलावात निघाल्या, त्यांचे सुमारे ८० लक्ष पौंड आले, आणि तेव्हापासून ह्या मातीकडे पुष्कळांचे डोळे लागले. त्यांनी आम्हांस खरेदीविक्रीचे नियमही समजावून दिले. पुकारलेल्या किमतीवर लिलावघर आपले शुल्क चढविते, ते अगोदर हिशेबात धरावे. काठाचा टवका, केसाएवढी चीर, मागून केलेली डागडुजी ह्यांनी भाव उतरतो. १९८८ साली आलँ रामिए ह्यांनी केलेल्या सूचीतला क्रमांक जुळवून पाहावा. मुद्राचित्र असेल तर शिसपेन्सिलीची सही, प्रतीचा अंक आणि कागदाचा समास पाहावा. चौकटीत बसविण्यासाठी कोणी समास कापला असेल, तर किमतीची कात्री त्याच वेळी लागलेली असते. शिवाय वस्तू कोणाकडून कोणाकडे आली ह्याची कागदपत्रे जपावीत.

"आणि थाळी विकणार केव्हा?" आम्ही विचारले.

"भाव चढला की."

"तोवर ती कपाटात?"

"बाबा, तुम्ही हे विचारावं? तुम्ही तर आजीची लक्ष्मी भिंतीवरून काढून दिलीत."

त्यांनी हे रागाने म्हटले नाही, म्हणूनच ते अधिक लागले. वाचकांस आता मागची गोष्ट सांगणे प्राप्त आहे.

वाईस आमच्या जुन्या घरात देवघराशेजारी राजा रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी होती. तो छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. ज्यांना मूळ तैलचित्र स्वप्नातही परवडले नसते, अशा घरांत देवदेवता पोहोचल्या त्या ह्या शिळाछापाच्या प्रतींमुळे. आमच्या लक्ष्मीच्या पातळावर आमच्या आईने खऱ्या टिकल्या आणि जरीची किनार शिवली होती. पुष्कळ घरांतील बायका असे करीत. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिव्यांनी त्या टिकल्या लुकलुकत, आणि लहानपणी आम्हांस वाटे की देवी श्वास घेत आहे.

१९९८ साली, आई गेल्यानंतर दोन वर्षांनी, जुन्या वस्तू घेणारा एक व्यापारी मुंबईहून आला. घरास चुना काढावयाचा होता, पैशाची ओढ होती. त्याने लक्ष्मी उतरविली, काचेवर फुंकर घातली आणि टिकल्यांवरून बोट फिरविले. आम्हांस वाटले, तो खोड काढतो आहे. आम्हीच लगबगीने म्हणालो, "घरातल्या बायकांनी उगाच शिवलं आहे हो, चित्र बिघडवलं." तो काही बोलला नाही. नऊशे म्हणत होता, त्याचे आठशे केले. त्या मनुष्यास आम्ही दोष देत नाही. तो एक शब्दही खोटे बोलला नाही. खोटे बोललो ते आम्ही, आणि तेही आईच्या हाताविषयी. अशा टिकल्या लावलेल्या प्रती संग्राहक मुद्दाम शोधतात, हे आम्हांस पुढे कळले. परंतु शंभर रुपये कमी आले ह्याचे दुःख आम्हांस नाही. छापखान्यातून लक्ष्मीच्या प्रती असंख्य निघाल्या. आमच्या घरची एकच होती, आणि ती एक झाली ती सुईमुळे. तिचाच आम्ही दोष म्हणून उल्लेख केला. आमची थोरली भगिनी अक्का साताऱ्यास असते. तिला आम्ही विचारले नव्हते. त्या दिवाळीस ती आली, मोकळ्या भिंतीकडे तिने पाहिले, आणि काही न बोलता पाट्यावर समई ठेवली.

परतण्यापूर्वी बाईंनी आम्हांस आणखी एक गोष्ट सांगितली. वालोरीत एउखेन्यो आरियास नावाचा एक न्हावी होता. पिकासोसारखाच स्पेनमधून परागंदा झालेला. तो पिकासोचे केस कापी, आणि त्याचे पैसे घेत नसे. पिकासो त्यास चित्रे देई, थाळ्या देई. त्याच्या हत्यारांच्या लाकडी पेटीवरही पिकासोने तापल्या सळईने बैलझुंजीची दृश्ये डागून दिली होती. ह्या भेटी विकून तो न्हावी धनाढ्य झाला असता. त्याने एकही विकली नाही. माद्रिदजवळच्या आपल्या जन्मगावास, बुइत्रागोस, त्याने त्या अर्पण केल्या. १९८५ साली त्यांचे तेथे संग्रहालय झाले. २००८ मध्ये तो वारला.

सर्वांनी त्या न्हाव्यासारखे वागावे, असे आम्ही म्हणत नाही. संसारात विकण्याची वेळ येते. औषधपाणी, मुलांचे शिक्षण, गळके छप्पर ह्यांपुढे थाळीचे काय? विकणाऱ्यांमुळेच घेणाऱ्यास मिळते, आणि जाणत्याच्या हाती गेलेली वस्तू कित्येकदा मूळ घरापेक्षा अधिक जपली जाते. चिरंजीवांसही आम्ही विकू नका असे सांगितले नाही. त्यांनी आपण होऊन थाळी कपाटातून काढली आणि भक्कम तारेच्या पकडीत जेवणघराच्या भिंतीस लावली. तिच्या कागदपत्रांत त्यांनी मराठीत एक चिठ्ठी ठेवली आहे. कोणत्या साली कोणत्या दिवशी आजीने हीत रव्याचे लाडू वाढले, एवढेच तीत आहे. पुढेमागे घेणाऱ्यास ती वाचता येणार नाही. तरी असावी, असे ते म्हणाले.

वाईस पोहोचल्यावर चार दिवसांनी आम्ही साताऱ्यास गेलो. अक्का ओसरीत तांदूळ निवडीत बसली होती. व्यापारी, आठशे रुपये आणि आम्ही उच्चारलेले ते वाक्य, सर्व काही सांगितले. सव्वीस वर्षे वाक्य सांगावयाचे राहिले होते. तिने सूप खाली ठेवले.

"किनार आईने लावली," ती म्हणाली. "टिकल्या माझ्या रे. मी नऊ वर्षांची होते. आईने नुसता सुईत दोरा ओवून दिला होता."

आम्हांस उत्तर सुचले नाही. थोड्या वेळाने तिने पुन्हा सूप उचलले आणि, "चहा घेशील ना?" असे विचारले.

वाचकहो, घरातली जुनी वस्तू बाहेर काढण्यापूर्वी ती एकदा उलटी करून पाहावी. मागे काही लिहिलेले असते. आणि जे लिहिलेले नसते, ते घरातल्या वडील माणसास विचारावे. आम्ही दोन्ही केले नाही.